कानाने दिलेली परीक्षा

चिमीला तिच्या आंधळ्या भावाने हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, हे कळलं असतं तर शिलाईच्या कारखान्यातल्या बायका पोट धरून हसल्या असत्या. म्हणून तिने कोणाला काही सांगितलंच नव्हतं. पोट बिघडल्याचं कारण पुढे करून तिने सुट्टी काढली होती.

दादाची नजर काचबिंदूने गेली. दुखलं नाही, खुपलं नाही. कडेकडेने अंधार आत सरकत आला आणि त्याला पत्ता लागेपर्यंत सगळा खेळ आटोपला होता. घरोघर फिरणाऱ्या तपासणीच्या बाईंनी त्याला बजावलं होतं, हा आजार रक्ताच्या नात्यात असतो, पाठच्या भावंडांना घेऊन या. झालं, तेव्हापासून त्याने चिमीच्या मागे भुणभुण लावली. मी अजून एका झटक्यात सुईत दोरा ओवते, असं ती ठसक्यात सांगायची.

"ओवत असशील," तो म्हणाला होता. "पण येता-जाता चौकटीला डावा खांदा आपटतेस. मला ऐकू येतं."

खांदा खरंच काळानिळा होता. ती यायला तयार झाली.

अंधाऱ्या खोलीत तपासणाऱ्या मुलीने तिचा एक डोळा झाकला, हनुवटी टेकवायला लावली आणि घमेल्याएवढ्या पांढऱ्या वाटीतल्या मधल्या दिव्याकडे एकटक बघायला सांगितलं. आजूबाजूला बारीक उजेड चमकेल, तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. काम एवढंच, पण चिमीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोष निघाला तर कारखान्यातून नारळ मिळेल, ही एक भीती. दुसरी त्याहून मोठी. दादा भिंत चाचपत मोरीकडे जातो तेव्हा ती मान फिरवते. उद्या आपण तसे चाललो तर कोण मान फिरवेल, हा विचार तिला सहन होईना.

आणि मग तिच्या लक्षात आलं की उजेड दाखवताना यंत्र दर वेळी हळूच कट् करतं. उभा जन्म शिलाई मशीनवर गेलेला, दोरा तुटायच्या आधी सुईचा आवाज बदलतो तोही तिला कळायचा. मग हा कट् काय अवघड? आवाज आला की दाब, आवाज आला की दाब. शाळेत शेजारणीच्या पाटीवरून गणितं उतरवताना व्हायची तशीच छाती धडधडत होती.

तपासणी संपल्यावर मुलीने यंत्रातून आलेला कागद बराच वेळ पाहिला आणि स्टूल ओढून ती समोर बसली.

"मावशी, हे यंत्र मधूनमधून नुसताच आवाज करतं. उजेड दाखवतच नाही. त्या वेळीही तुम्ही बटण दाबलंय."

चिमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी रागावली असती तर बरं, पण ती शांतपणे समजावत राहिली. गेलेली नजर परत येत नाही, मात्र उरलेली औषधाच्या थेंबांनी राखता येते. त्यासाठी किती उरलीय ते आधी खरं कळायला हवं. हा कागद डॉक्टरांपुढे गेला तर काही म्हणजे काहीच कळणार नाही.

मुलीने आता उघडलेल्या दारातून बाहेरचं बाक दिसत होतं. दादाशेजारचा माणूस केव्हाच उठून गेला होता. दादा त्या रिकाम्या जागेकडे वळून विचारत होता, माझी बहीण आली का हो बाहेर? उत्तर येईना म्हणून त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

"कापूस आहे का?" चिमी मुलीला म्हणाली. "कानांत घालायला दे. नाहीतर मी परत तेच करीन."

दार लागलं. कानांत बोळे गेल्यावर स्वतःच्या छातीचे ठोके तेवढे ऐकू येऊ लागले. ती मधल्या दिव्याकडे बघत राहिली. काहीच चमकलं नाही. मुलगी कागद बदलत असेल. अजूनही काही नाही. मान अवघडली, डोळ्यात पाणी आलं.

"सुरू करतेस ना, बाळा?" तिने विचारलं.

मुलगी वाकली आणि तिच्या कानाशी बोलली. "केव्हाचंच सुरू आहे, मावशी."

चिमीला उठून पळत सुटावं असं वाटलं, पण तिने हनुवटी तशीच टेकवून ठेवली. चुकूनही दाबलं जाऊ नये म्हणून तिने अंगठा बटणावरून उचलून धरला. अंधार तसाच राहिला. मग मधल्या दिव्याच्या अगदी लगत एक ठिपका चमकला, बारीकसा, पण खरोखरचा. चिमीने बटण दाबलं.