खिडकीतला गिलास

त्या रविवारी बाबांनी अंगणात बोरीखाली खुर्ची टाकली आणि नेहमीसारखी हाक दिली, "नूतन, माह्या गिलासातच आन बरं."

त्यांचा बिनसाखरेचा चहा त्यांच्याच स्टीलच्या गिलासात असायचा. घासायचेही ते स्वतःच. मग खिडकीत पालथा, एकटा. ते मला आवडत नसे, पण शुगरचं म्हणून मी कधी बोलले नाही.

"राजाच्या गिलासाले हात लावाची सोय नाई," आई म्हणाली. "आज मीच एक घोट घेऊन पाहातो."

"नाई घ्याचा!" बाबा ओरडले. मग हसले. "शुगर लागन तुले."

आम्हीही हसलो. संध्याकाळी त्यांना रक्ताची उलटी झाली.

चंद्रपूरहून नागपूरला पाठवलं. सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिपॅटायटिस बी कधीपासून आहे?"

"त्यायले फक्त शुगर आहे," आई म्हणाली.

बाबांनी भिंतीकडे तोंड वळवलं. कित्येक वर्षांपूर्वी राजुऱ्यातल्या एका रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीनं त्यांना बोलावून हे सांगितलं होतं. पुढे दर चौदा एप्रिलच्या शिबिराला ते म्हणायचे, "शुगरवाल्याचं रक्त घेत नाई." शुगर गावभर सांगता येत होती.

हा विषाणू वर्षानुवर्षं यकृतात राहतो, त्यात मधुमेह असला की कॅन्सरचा धोका आणखी वाढतो, असं बाई म्हणाल्या. औषध होतं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवी होती. आता गाठ हाताबाहेर गेली होती. आम्हा दोघींचंही रक्त तपासायला घेतलं.

"गिलासातून लागते का जी?" बाबांनी विचारलं.

"नाही. उष्ट्या भांड्यातून नाही पसरत."

ते आईकडे वळले. "मंग उगाच ठेवला वेगळा," म्हणाले.

त्यांच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेर, वेगळे ठेवत. मोठेपणी बाबांनी तिथं पाणीसुद्धा घेतलं नाही.

आमचे रिपोर्ट चांगले आले, तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. ते सांगायचंच राहिलं.

बाबांच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं गेल्यावर आईनं भांडी घासली आणि तो गिलास सवयीनं खिडकीत पालथा ठेवला. मी तो उचलला. घरातल्या सगळ्यांचा चहा होता, त्यातलाच ओतला आणि फोटोसमोर उभी राहून प्यायले.

"बाबा," मी मोठ्यानं म्हणाले, "आपल्या घरी कोनाचाच गिलास वेगळा नाई राहत."