‘आया’चा अर्थ

दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवरच्या कारकूनबाई आठ महिने स्पॅनिशच्या शिकवणीला गेल्या आणि तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीला लागेनात. क्रियापदांचे किचकट तास त्यांनी बुडवले होते, पण ते सांगतंय कोण! कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या परदेशी फोरमनला अपेंडिक्ससाठी आणलं, तेव्हा सगळ्यांनी दुभाषी म्हणून त्यांनाच पुढे केलं.

फोरमन तापाने ग्लानीत होता. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सकाळपासून यांनी काही खाल्लंय का, ते बायकोला विचारा.”

बायको भरभर म्हणाली, “नो क्रेओ के आया कोमीदो नादा.”

‘नो’ कळलं, ‘क्रेओ के’ घाईत निसटलं. ‘कोमीदो’ म्हणजे खाल्लं, ‘नादा’ म्हणजे काहीच नाही. मधल्या ‘आया’ने मात्र घोळ घातला. वॉर्डातल्या आयाचं इथे काय काम? पण चारचौघांत पुन्हा विचारायचं म्हणजे अब्रूच जायची.

“काही खाल्लेलं नाही.”

“नक्की?”

“अगदी नक्की.”

भूल चढताच फोरमनला उलटी झाली आणि ती फुप्फुसात गेली. ऑपरेशन कसंबसं पार पडलं, पण त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं.

“बायको धडधडीत खोटं बोलली!” डॉक्टरीणबाई करवादल्या. कारकूनबाई मूग गिळून बसल्या.

दुपारी मात्र राहवेना. त्यांनी शिकवणीच्या सरांना फोन लावला.

“अहो, कसली आया! ते क्रियापदाचं शंकेचं रूप,” सर म्हणाले. “‘त्यांनी काही खाल्लं असेल असं मला वाटत नाही’, एवढंच म्हणाली ती. तिला खात्री नव्हती. त्या तासाला तुम्ही नव्हतात वाटतं?”

बाईंची कानशिलं तापली. त्या तशाच उठून डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं.

“मी ‘नक्की?’ विचारलं होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“हो.”

आणि पाठ फिरवून रुग्णाकडे निघून गेल्या. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोरमनची बायको बाकावर एकटीच बसली होती. तिच्याशी धड कुणी बोलतही नव्हतं. तोडक्यामोडक्या शब्दांत बाईंनी सांगितलं, चूक माझी, तुमची नाही. ती रडत रडत एक लांबलचक वाक्य बोलली.

“काय म्हणाल्या?” नर्सने विचारलं.

“मला कळलं नाही,” बाई म्हणाल्या आणि सरांना फोन लावून तो तिच्या हातात दिला.

पाचव्या दिवशी फोरमन स्वतः श्वास घेऊ लागला. नवराबायको दवाखान्यातून जाईपर्यंत मात्र खिडकीतल्या बाईंची मान वर झाली नाही.