तिरिलची लाल बंडी

"तुझे डोळे गेलेत, बोर्गहिल्ड. कबूल कर आणि मोकळी हो," हेगे म्हणाली.

माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून ती वाचली. या फ्योर्डच्या खाडीच्या दोन्ही काठांवरच्या निम्म्या बायका माझ्या हातचं बुनाड, आमचा सणासुदीचा पारंपरिक पोशाख, घालून चर्चमध्ये येतात. हेगेचं स्वतःचं लग्नातलं बुनाडही मीच शिवलेलं. आणि ही बया माझ्याच शिवणघरात उभी राहून माझ्या डोळ्यांना नावं ठेवत होती. तळपायाची आग मस्तकात गेली.

"शरदात माप घेतलंस तेव्हाच चुकलीस," ती पुढे म्हणाली. "नाताळनंतर सैल, ईस्टरनंतर सैल, आज परत सैल. रविवारी कन्फर्मेशन, पोरगी पाद्र्यासमोर धर्माची शपथ घ्यायला उभी राहायची आहे. बेर्गेनहून सासूबाई येतायत. त्यांना काय दाखवू, गोणपाट?"

तिची लेक तिरिल कोपऱ्यात खिडकीला टेकून उभी होती, बाह्या बोटांपर्यंत ओढून. बाहेर सफरचंदाच्या बागा फुलल्या होत्या, पोरं उघड्या हातांनी सायकली हाणत होती. आणि हिच्या अंगावर जाड स्वेटर.

मापात मी चुकत नाही. स्वयंपाकात चुकते, माणसांत तर नेहमीच चुकते, दोन नवरे केले त्यावरून काय ते समजा. पण मापात नाही. पहिल्यांदा बंडी सैल झाली तेव्हा मी म्हटलं, वाढतं वय आहे, पोरी उंच होतात आणि बारीक दिसतात. ईस्टरनंतर परत सैल झाली तेव्हा मनात पाल चुकचुकली. पण हेगे घाईत होती, दारात गाडी चालूच ठेवून आली होती, आणि मी मुकाट्यानं शिवण आत घेतली.

बुनाडचं असं असतं की ते एकदाच शिवतात आणि जन्मभर घालतात. म्हणून बंडीच्या शिवणीत आतून भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवायची. पोरगी भरते, बाळंत होते, पन्नाशीला रुंद होते, तसतशी शिवण उसवून आतलं कापड सोडत जायचं. माझ्याकडे बायका येतात त्या बंडी वाढवायला येतात, लाजत, पोट आत ओढून, केकला शिव्या देत. कन्फर्मेशनची बंडी पुन्हा पुन्हा लहान करायला आलेली ही पहिलीच.

"चल आत," मी तिरिलला म्हटलं. "पांढरा शर्ट घाल, बंडी चढवून बघू."

पडद्यामागे ती माझ्याकडे पाठ करून स्वेटर काढायला लागली. स्वेटरखाली लोकरीची बनियन होती. तिच्याखाली आणखी एक. मी बघतच राहिले. म्हणजे इतके दिवस मी पोरीचं नाही, लोकरीचं माप घेत होते.

"हे काढ."

"थंडी वाजते."

"मे महिना आहे, तिरिल."

"मला वाजते."

मी वरची बनियन धरली आणि तिच्या डोक्यावरून ओढली. तिनं फार जोर केला नाही. जोर उरलाच नव्हता. खालची बनियन खांद्यावरून घसरली आणि मला तिची पाठ दिसली.  साठ वर्षांच्या बाईची पाठ अशी नसते. हाडांवरून बोट फिरवलं असतं तर एकेक मोजता आलं असतं.

तिनं वळून माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार.

"आईला सांगू नकोस. फक्त रविवार होऊ दे. मग मी खाईन, खरंच. शपथ."

 हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. मुलांना गप्प बसणं म्हणजे होकारच वाटतो, हे मला कळायला हवं होतं. 

"झालं का?" बाहेरून हेगे. "मला केकवालीकडे जायचंय."

तिरिलनं झरझर दोन्ही बनियन परत चढवल्या, वर शर्ट, वर बंडी, आणि पडदा सारून बाहेर गेली. मान ताठ, चेहऱ्यावर हसू. नाटकात घालावं अशी पोर.

बंडी तिच्या अंगावर लोंबत होती. छातीवरची मण्यांची पट्टी मधोमध राहीना, एका बाजूला कलत होती. हेगेनं कपाळावर हात मारला.

"घे आत. बगलेत दोन बोटं, पाठीत एक."

"आता जागा नाही," मी म्हटलं. "दोनदा घेतलीय. आतली घडी इतकी जाड झालीय की बगलेत गाठोडं होईल. हातसुद्धा खाली यायचा नाही."

"मग काप ना," तिरिल म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"आतलं जादा कापड काप. काढून टाक सगळं. मला ते लागणारच नाहीये कधी."

किती सहज म्हणाली. दूध नको म्हणावं तसं. चाळीस वर्षं मी हे काम करते. बंडीतली माया कापा असं कोणी, अगदी वेड्या माणसानंही, मला सांगितलेलं नाही. तिला पुढे वाढायचंच नव्हतं. त्या लाल कापडात पुढची तिरिल बसायची होती, आणि ही म्हणत होती, ती येणार नाही.

हेगेला तसलं काही ऐकूच गेलं नाही. तिच्या डोक्यात केक होता, सासूबाई होत्या, आणि रविवारच्या फोटोंत नाकं मुरडणाऱ्या बायका होत्या. आमच्या खोऱ्यात बुनाडवर चुकीचे बूट घातले म्हणून सख्ख्या बहिणींनी अबोला धरलेला आहे.

"बरोबर बोलतेय पोरगी," ती म्हणाली. "पुढचं पुढे बघू. काप."

"मी कापणार नाही."

"बोर्गहिल्ड, पैसे मी देतेय."

"दे नाहीतर नको देऊ. माया मी कापत नाही."

"स्वतःची चूक झाकायला आता तत्त्वं सांगणार का?" हेगेचा आवाज चढला. "सबंध गावाला सांगीन, म्हातारीला माप कळेनासं झालं म्हणून. शिवणाऱ्या बायकांची काय कमी नाही मला. आण ती बंडी इकडे. मीच कापते."

तिरिलनं बंडी उतरवून आईच्या हातात दिली. हेगेनं टेबलावरची माझी मोठी कात्री उचलली, अस्तर उलटं केलं आणि पातं शिवणीत घातलं. पहिला धागा तुटलेला मला ऐकू आला. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि सगळा भार टाकला. कात्रीचं टोक माझ्या अंगठ्यात शिरलं तरी हात सोडला नाही.

"सोड, बाई. वेडी आहेस का तू?"

"कात्री ठेव आणि तिच्या शर्टात हात घाल."

"काय?"

"माझे डोळे गेलेत ना? मग तुझा हात वापर. हातच्या कांकणाला आरसा कशाला? शर्टाच्या आत, लोकरीच्या आत. पाठीवर ठेव."

"नको," तिरिल म्हणाली. ती मागे सरकत शिवणयंत्राला थडकली. "तू सांगणार नव्हतीस. तू गप्प राहिलीस. खोटारडी."

मला वाटलं हेगे आता दोघींवर ओरडेल. पण तिनं लेकीचा चेहरा बघितला आणि कात्री टेबलावर ठेवली. हळूच, काच ठेवावी तशी. मग ती पोरीजवळ गेली. तिरिलनं तिला ढकललं, एकदा, दोनदा. हेगेनं एका हातानं तिला जवळ ओढलं आणि दुसरा हात तिच्या शर्टात पाठीकडून घातला.

हात तिथेच राहिला.

मी हेगेला ती शाळेत जात होती तेव्हापासून ओळखते. आगाऊ, तोंडाळ, कुणाचं न ऐकणारी. तिचा चेहरा असा उतरताना मी कधी पाहिला नव्हता. नवरा गेला तेव्हाही नाही.

"या बनियन मीच आणल्या," ती म्हणाली. माझ्याशी बोलत होती की स्वतःशी, कोण जाणे. "नाताळात. म्हणाली, गार वाटतं. मी म्हटलं, बरं झालं, पोरगी एकदाची लोकर घालायला लागली. मग आणखी मागितल्या. त्याही आणल्या. सगळ्यांना सांगत सुटले, किती शहाणी झालीय म्हणून."

"आई, मी ठीक आहे."

"संध्याकाळी जेवण खोलीत नेतेस. अभ्यास आहे म्हणतेस. मी ताट भरून देते. तू रिकामं आणतेस." तिचा आवाज फाटला. "जेवण जातं कुठे, तिरिल?"

 तिरिल आईच्या हातांत ताठ उभी होती, डोळे माझ्यावर रोखून. इतका राग मी पंधरा वर्षांच्या डोळ्यांत बघितलेला नाही. तो मी पत्करला. दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतंच.

हेगेनं उभ्या उभ्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या मुलीनं पुढच्या आठवड्यातली वेळ दिली असावी, कारण हेगे म्हणाली, "नाही, आज. मी दारात येऊन बसणार आहे. हाकला मला हवं तर." अशी वाद घालणारी हेगे मला पहिल्यांदाच आवडली.

"आणि रविवार?" तिरिल म्हणाली. "सगळे येणार आहेत. आजी तिची चांदीची पिन आणणार आहे."

"न येवोत. मी फोन करते सगळ्यांना."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," हेगे म्हणाली. ते हेगेनं म्हणावं म्हणजे कमाल होती.

मी अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि स्वेटर तिरिलपुढे धरला. तिनं तो हिसकावून घेतला. हेगेनं टेबलावरच्या बंडीकडे बघून विचारलं, "हिचं काय करायचं?"

"राहू दे इथेच. एक धागा तुटलाय, तो घालीन. पुढच्या वर्षी मापाला घेऊन ये तिला."

"आणि मी आलेच नाही तर?" तिरिल म्हणाली.

ती शिवणघरात येण्याबद्दल बोलत नव्हती, हे तिघींनाही कळलं. हेगेनं दाराची कडी घट्ट धरली. मला रडू आवरेना, आणि मी चारचौघांत रडणारी बाई नाही.

"मग मी येईन," मी म्हटलं. "टेप घेऊन. घरी असलीस तर घरी, दवाखान्यात असलीस तर दवाखान्यात. तू दार लावून घे, शिव्या दे, बनियन फेकून मार. मी येणार. मला ती बंडी तुझ्या अंगावर घट्ट झालेली बघायचीय, कळलं? उसवून वाढवायचीय मला ती."

 हेगेनं दार उघडून हात पुढे केला, तो तिरिलनं धरला नाही. पण आई पायऱ्या उतरली तेव्हा तीही उतरली, आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.