नकाशातलं भोक

“आई फक्त तुझं ऐकते! फोन लाव आणि सांग, घर सोड म्हणून. एवढंच मागतोय, किडनी नाही मागत तुझी!”

“हळू. हे ऑफिस आहे,” ताई दातओठ खात म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या दोघींनी माना खाली घातल्या, कान मात्र इकडेच.

ताईच्या या धाकट्या भावाला घरात भडक्या म्हणत, आणि ते काही उगाच नाही. शाळा त्याने सरांशी भांडून सोडली, नंतरची कामं मालकांशी भांडून. पण आज तो रागावून आला नव्हता. घाबरला होता, आणि ते लपवायला त्याला ओरडण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

घर टेकडीच्या पायथ्याशी. काही दिवस दारं चौकटीत अडत होती. आज सकाळी पुढच्या दाराला खांदा लावला तेव्हा कुठे ते उघडलं. आई म्हणाली, लाकूड फुगलंय. पाऊस नाही, पाणी नाही, लाकूड काय हवा खाऊन फुगलं? मागच्या भिंतीतल्या भेगेत परवा नख शिरत नव्हतं, तिथे आज त्याचं बोट गेलं. आईचं एकच: ताईच्या मशिनने सांगितलं तर हलेन, तू सांगून नाही.

“टेकडी सरकतेय, ताई.”

“ते बघायचाच पगार मिळतो मला.” तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवला. “उपग्रह वरून जाताना रडारने जमीन मोजतो. पुढच्या फेरीला पुन्हा मोजतो. दोन्ही मापं जुळवली की जमीन जराशी हलली तरी कळतं. हिरवं म्हणजे जागेवर, पिवळं म्हणजे हलतंय, लाल म्हणजे पळा. हे आपलं घर. वर बघ, हिरवंगार. आता दाराला मेण चोळ आणि मला जेवू दे.”

तो स्क्रीनला नाक लावून बघत राहिला. बाकीची टेकडी ठिपक्याठिपक्यांची, तीळ सांडल्यासारखी. घराच्या वर मात्र गुळगुळीत हिरवं, भिंतीला रंग मारावा तसं.

“इथेच असं सपाट का?”

ताईचा घास हातातच राहिला.

“ती... भरलेली जागा आहे.”

“भरलेली म्हणजे?”

“कुठे कुठे मापं जुळत नाहीत, तिथे नकाशाला भोक पडतं. साहेबांना भोकं चालत नाहीत, बघणारे शंका काढतात. मग आजूबाजूचा रंग पसरून द्यायचा. सगळेच देतात. झाडी असली की होतंच तसं.”

“आपल्या वर झाडी कुठाय? नुसते दगड आहेत!”

तिने एक बटण दाबलं. हिरवं गेलं आणि खाली काळं भोक उरलं, टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपासून थेट त्यांच्या छपरापर्यंत. तिने मागच्या फेरीचा नकाशा काढला. भोक लहान. त्याच्या आधीच्यात नखाएवढं.

“दगडावर मापं का नाही जुळत?”

“जमीन थोडी हलली तर लाल दिसते.” तिने डबा बाजूला सारला. “फारच हलली तर मशिनला ती ओळखूच येत नाही. मग काहीच दिसत नाही. मीच भरलं रे ते. डबा खाता खाता.”

आपण बरोबर ठरलो तर ताईला वर्षभर टोमणे मारू, असं ठरवून तो आला होता. आता एकही सुचेना.

तिने फोन लावून स्पीकरवर टाकला. वाजत राहिला, वाजतच राहिला. मग आईने उचलला.

“आई, आहेस तशी बाहेर पड! काही घेऊ नकोस!”

“कशी पडू? मघापासून ओढतेय, हलत नाही मेलं दार. मागचंही तसंच. खिडक्यांना गज. भडक्या आहे ना तिथे? त्याला म्हणावं येताना पहार आण. आणि काय गं, वर कुणी दगड फोडतंय का? केव्हाचा आवाज येतोय.”

ताईने त्याचं मनगट गच्च धरलं. “तू आत जायचं नाहीस. मी अग्निशमनवाल्यांना बोलावते, ते बघतील, तू थांब इथे—”

“बोलाव तू. पहार कुठे मिळते मला माहितीये. हात सोड. सोड ना ताई, मला आत्ता निघायचंय.”