शेवटच्या डब्यातला धक्का

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. खाऊचा नव्हे, तसा असतो तर कोणीतरी रोज माझी आठवण काढली असती. मी लाकडी रोलर कोस्टरच्या गाडीचा डबा आहे. पाच डब्यांपैकी पाचवा, म्हणजे अगदी शेपटाचा. तेहेतीस वर्षं मी माणसांना वर नेलं, खाली आणलं आणि त्यातल्या बहुतेकांची हाडं खिळखिळी केली. लोक मला दुष्ट समजत. पण खरं सांगतो, मला कोणालाही दुखवायचं नव्हतं.

मला ज्यांनी घडवलं त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी आम्हा पाच भावंडांना एका ओळीत तयार केलं. कडा तासून झाल्या की ते आपला जुना सुती रुमाल माझ्या अंगावरून फिरवत. कुठे धागा अडकला की पुन्हा पॉलिशपेपर हातात घेत. लहान मुलांच्या मांडीला कुसळसुद्धा टोचता कामा नये, असा त्यांचा हट्ट. मला लाल रंग दिला, पिवळी किनार दिली, बसायला पातळ गादी दिली आणि मांडीवर घट्ट बसणारा लोखंडी दांडा दिला. रूळही त्यांनीच घातले: फळ्यांचे थर एकावर एक आणि सगळ्यांत वर लोखंडी पट्टी. पहिल्या दिवशी लोक गाडीतून उतरले आणि धावत पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले. आम्ही लोण्यासारखे चालत होतो असं मी म्हणणार नाही. खडखडाट होताच, पण तो हसवणारा होता.

लाकडाचं एक असतं, ते स्वस्थ बसत नाही. उन्हाने आक्रसतं, ओलाव्याने फुगतं, वरून गाडी धावून धावून दबतं. म्हणून मिस्त्रींनी एक नेम धरला होता. रोज सकाळी पार्क उघडण्याआधी ते एक पितळी पेला काठोकाठ पाण्याने भरत आणि तो हातात धरून पहिल्या डब्यात बसत. गाडी एक फेरी मारी. जिथे पाणी सांडलं ती जागा ते ध्यानात ठेवत, मग वर चढून तिथे खडूने खूण करत आणि रुळाखाली लाकडाची पातळ पट्टी सारत. दुसऱ्या दिवशी तिथे थेंबही सांडत नसे. तिकीट तपासणारे काका म्हणत, "मिस्त्री, तुमचा पेला म्हणजे डॉक्टरची नळी आहे बघा!" मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसत.

पहिल्याच डब्यात का बसायचं? तर तिथून समोरचा रूळ दिसतो. माझ्यात बसलं तर पुढच्या माणसाचं डोकं तेवढं दिसतं. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण तेहेतीस वर्षांत ते एकदाही माझ्यात बसले नाहीत, आणि सगळं बिनसलं ते तिथे.

आमच्या वाटेवर मोठा उतार संपला की लगेच तिसरं वळण लागतं. पहिला डबा तिथे पोचतो तेव्हा आम्ही मागचे अजून उतारावरच असतो. आम्ही खाली येईपर्यंत गाडीने चांगलाच वेग घेतलेला असतो. त्यामुळे पहिला डबा जे वळण ऐटीत घेतो, त्याच वळणावर मी बाजूला फेकला जातो. मिस्त्री पट्ट्या सारत ते पहिल्याच्या पाण्याकडे बघून. आज इथे एक, महिन्याने दोन हात पुढे दुसरी. प्रत्येक पट्टीने एक धक्का मिटे आणि जरा पुढे एक बारीकसा कोपरा तयार होई. असं होता होता ते वळण गोल राहिलंच नाही, त्याला कोपरे आले. प्रत्येक कोपऱ्यावर माझ्या बरगड्या वाजत. पहिल्या डब्यातलं पाणी मात्र स्थिर.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं समजू नका. मी कुरकुरलो, त्यांनी तेल घातलं. माझे बोल्ट सैल झाले, त्यांनी ते आवळले. मी खडखडलो, तर सगळे म्हणाले, "जुना झालाय." आता यापुढे डब्याने आणखी काय करावं?

मिस्त्रींची एकुलती एक लेक त्याच शेडमध्ये लहानाची मोठी झाली आणि पुढे तिथेच फिटर म्हणून लागली. चाकं तिच्या ताब्यात आली. एकदा मला उलटा करून ती बराच वेळ चाकांवरून बोट फिरवत बसली.

"बाबा, पाचव्याची चाकं एकाच बाजूने का झिजतात हो? बाकीच्यांची तर ठीक आहेत."

"अगं, शेपटी आहे ती. हलणारच."

"पण इतकी?"

"तू चाक बदल आणि मोकळी हो. रुळाचं मी बघतो."

वडिलांचं ऐकून तिने चाक बदललं. पोरगी हुशार होती, पण बापाचा पेला खोटा बोलेल हे तिच्याही मनात येईना. माझा जीव मात्र नुसता तडफडत होता. बोट अगदी माझ्या दुखण्यावर ठेवलं होतं तिने, आणि मला हूं की चूं करता येत नव्हतं.

मग भूगोल शिकवणाऱ्या एक बाई आपल्या वर्गाला घेऊन आल्या. मुलांना पुढे बसवून त्या स्वतः माझ्यात बसल्या. तिसऱ्या वळणावर त्यांचं डोकं असं हिसडलं गेलं की उतरताना त्यांना मान वळवता येईना. मुलं हसत उतरली आणि बाईंना तसं बघून त्यांच्याभोवती गोळा झाली. एका मुलीने त्यांची पिशवी हातात घेतली. तो दिवस मी विसरू शकत नाही.

तक्रार पार्कच्या मालकीणबाईंपर्यंत गेली. त्या स्वभावाने वाईट नव्हत्या, पण त्यांना घाई फार. त्या म्हणाल्या, "लागतंय ना? मग जाड गाद्या घाला!" झालं, माझ्या अंगावर वीतभर जाड फोमची गादी आली. त्याने माणसं उंच बसू लागली. दांडा त्यांच्या मांडीवर नीट बसेना. वळणावर ती गादीवरून उसळायची आणि थेट दांड्यावर आपटायची. म्हणजे पूर्वी नुसतं हिसडणं होतं, आता आपटणंही आलं. दुखणं रुळात आणि मलम बुडाला, असला तो कारभार! शेवटी माझ्या दाराला दोरी बांधली आणि पाटी लावली: या डब्यात बसू नये. वर्षभर मी रिकामा धावलो. पुढच्या चार डब्यांत किंकाळ्या आणि हशा, माझ्यात वारा. रिकामा डबा तर जास्तच आदळतो. पण तेव्हा निदान कोणाला लागत नव्हतं, एवढंच समाधान.

त्या वर्षी दुरुस्तीसाठी पार्क दीड महिना बंद झाला तेव्हा मालकीणबाई शेडमध्ये आल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, "मिस्त्री, उघडायच्या दिवशी मी स्वतः शेवटच्या डब्यात बसणार. आरामात फेरी झाली तर ठीक. नाहीतर हे सगळं पाडायचं. लोकांच्या माना मोडून मला धंदा करायचा नाही."

 त्या गेल्यावर मिस्त्रींनी पेला भरायला घेतला. तरण्या वयापासूनचं त्यांचं सगळं आयुष्य त्या लाकडात होतं. ते नेहमीप्रमाणे पहिल्या डब्याकडे वळले, तेव्हा लेक आडवी आली.

"बाबा, आज मागे बसा."

"मागे काय ठेवलंय? रूळ एकच आहे. पुढे लागतं तेच मागे लागतं."

"मी काल बसून आले."

"मग?"

"मग पेला रिकामा झाला आणि माझं तोंड धुऊन निघालं. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. तुम्ही स्वतःच बघा."

मिस्त्री तिच्याकडे रागाने बघत राहिले. मग त्यांनी दोरी सोडली, जाड गादी उचलून बाहेर फेकली आणि ते माझ्यात बसले. मित्रांनो, ज्या हातांनी मला घडवलं ते हात पहिल्यांदाच प्रवासी म्हणून माझ्या दांड्यावर आले. मला किती आनंद व्हायला हवा होता! पण मला पुढचं दिसत होतं. लेकीनेही त्यांना मानेपाशी ठेवायला एक जुनी उशी दिली, ती त्यांनी नको म्हणून परत केली. "मी काय म्हातारा झालोय?" म्हणाले.

साखळीने आम्हाला वर खेचलं. चढ संपेपर्यंत मी मनातल्या मनात हात जोडत होतो. निदान आज तरी, एवढी एकच फेरी तरी मला सांभाळून चालता येऊ दे. पण डब्याच्या मनात असून काय उपयोग? रूळ नेईल तिकडे चाक जातं आणि चाक जाईल तिकडे मी जातो. उतार आला, वेग आला, तिसरं वळण आलं. पहिल्या कोपऱ्यावर पाणी उडालं. दुसऱ्यावर पेला हातातून निसटला. तिसऱ्यावर मिस्त्रींची मान हिसडली आणि त्यांचं "आई गं" मी ऐकलं. ज्या माणसाने माझ्या कडेला कुसळ राहू दिलं नव्हतं, त्याला मीच दुखवलं.

गाडी थांबली तरी ते उतरले नाहीत. लेक धावत आली.

"लागलं का, बाबा? फार लागलं का?"

"किती वर्षं झाली गं या गाडीला?"

"तेहेतीस."

"आणि मी रोज पुढे बसून पाण्याकडे बघत होतो." त्यांनी मान हाताने धरली होती. मग म्हणाले, "काढ ते वळण. पट्ट्या नकोत आता. सगळं काढ."

मानेला पट्टा लावून मिस्त्री खुर्चीवर बसले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत लेकीने, आणखी सहा सुतार हाताशी घेऊन, ते वळण उचकटलं. खालून पट्ट्या निघाल्या, टोपल्याच्या टोपल्या. काहींवर त्यांच्याच हातच्या खडूच्या खुणा होत्या. ते एकेक पट्टी हातात घेऊन बघत होते. मग लेकीने शेवटच्या डब्याचा वेग धरून नवीन वळण आखलं. गोल, एकसंध, बाहेरच्या कडेने पुरेसं उचललेलं. मिस्त्री खुर्चीवरून एकेका फळीचा जोड बघत आणि पसंत नसेल तर काठी आपटत. खडखडणारा रोलर कोस्टर कधी आरामाचा होऊ शकतो का, असं कोणी तुम्हाला विचारलं तर बेलाशक हो म्हणा. दुखतं कुठे ते शोधायची आणि केलेलं मोडायची तयारी मात्र हवी.

मला वाटलं, आता माझे दिवस फिरले. आता माझ्यात बसून लोक हसत उतरतील. पण लेकीने आम्हाला नव्या वळणावरून चालवून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. धक्के गेले होते, चाकांचं रुळाला घासणं मात्र राहिलं होतं. आमचे सांगाडे लांब, चाकं दोन टोकांना, आणि तेहेतीस वर्षं आपटून माझं अंग वाकडं झालेलं. वळणाला आखूड डबेच हवे होते. तिने माझी चाकं तीनदा बदलली, सांध्यात रबर घातलं, दोन दिवस माझ्याखाली आडवी पडून राहिली. शेवटी बाहेर येऊन हात पुसत म्हणाली, "नाही होत रे." ती माझ्याशी बोलली की स्वतःशी, कोण जाणे.

नवीन आखूड डबे आले. मालकीणबाई शेवटच्यात बसल्या आणि केससुद्धा न विस्कटता उतरल्या. रोलर कोस्टर वाचला. माझी चार भावंडं सुटी होऊन कुठेशी गेली. मला लेकीने मागून घेतलं, चाकं काढली आणि रांगेशेजारी झाडाखाली बाक म्हणून ठेवलं. आता लोक माझ्यात बसून बुटांच्या नाड्या बांधतात, आइस्क्रीम खातात. परवा एक मुलगा नव्या गाडीतून उतरून आपल्या मावशीला म्हणाला, "ह्या! पाळण्यात बसल्यासारखं वाटलं." मला हसू आलं. आता माझ्यात कोणालाच धक्का बसत नाही, कारण मी हलतच नाही.

मिस्त्री दर आठवड्याला येतात. मान अजून पुरती वळत नाही, त्यामुळे काही बघायचं तर सगळं अंग वळवतात. ते माझ्यात बसून नव्या गाडीचा आवाज ऐकतात. काल त्यांनी माझ्या वाकड्या कडेवरून तळहात फिरवला आणि हळूच विचारलं, "इतकी वर्षं तुला लागत होतं का रे?"

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात हे मला कोणीतरी पहिल्यांदा विचारलं. तेहेतीस वर्षांचं उत्तर माझ्यापाशी तयार होतं. ते उत्तराची वाट बघितल्यासारखे थोडा वेळ बसून राहिले, मग माझ्या दांड्याला धरून उठले आणि गेले. मी काहीच बोलू शकलो नाही.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. तुमच्या वर्गात, तुमच्या घरातही अगदी मागे कोणीतरी बसलेलं असेल. त्याला लागत असेल आणि पुढे बसलेल्यांना ते कळत नसेल. त्याला गादी देऊ नका, त्याच्या दाराला दोरी बांधू नका. जाऊन विचारा. त्याला तर बोलता येतं.