पानाखालची शिकारीण

मी एक म्हातारी शिकारी कोळी आहे. मासे पकडणाऱ्या कोळ्यांशी माझं काही नातं नाही आणि भिंतीवर जाळं विणणारा कोळी माझा असलाच तर लांबचा नातेवाईक. मोहरीच्या एका दाण्यावर माझ्यासारख्या कितीतरी जणी मावतील. मला डोळे नाहीत. मी वासावर वाट काढते आणि माणसांचं बोलणं पानाच्या थरथरीतून ओळखते.

मित्रांनो, भरे गावात, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून साबीर आणि त्याची धाकटी बहीण हुस्ना यांची पपईची बाग आहे. तिथे एका पानाच्या खालच्या अंगाला माझा जन्म झाला. उन्हाळा होता. ट्रकांची धूळ पानांवर बसत होती, आणि धुळीत लाल कोळी फार माजतात. ते पानांचा रस शोषतात. पान पिवळं पडतं, वाळतं, गळतं. आम्ही त्या लाल कोळ्यांना खातो, त्यांची अंडीही खातो. आमची शिकार जोरात चालू होती. पण गळणारी पानं बघून साबीर घाबरला आणि त्याने जहाल औषध फवारलं.

त्या फवाऱ्यात माझ्या सगळ्या बहिणी गेल्या. आदल्या दिवशीच वाऱ्याने मला बांधावरच्या एरंडावर नेऊन टाकलं होतं, म्हणून मी वाचले. लाल कोळीही मेले, पण पानांवर त्यांनी विणलेल्या जाळीखालची अंडी टिकली. थोड्याच दिवसांत पुन्हा पिल्लांचा सुळसुळाट झाला. आता त्यांना खाणारं बागेत कुणी उरलं नव्हतं. मी आणि एरंडावरच्या माझ्यासारख्या दोन-चार जणींनी एरंडाचे पराग खाऊन तग धरला.

"आजून एक फवारा मारतो," बांधावर येऊन साबीर म्हणाला. "न्हाई जमलं तर झाडं उपटू. गोदामाला जागा मागत्यात लोकं."

हुस्ना भिंग घेऊन एरंडाची पानं उलटत होती. "भाई, हितं बघ. ही फिकट, चपळ हाय ना, ती लाल कोळ्याला खाती. आपण औषध मारून हिचीच जात संपवली."

"एवढीशी ही काय बाग वाचवनार?"

"एकटी न्हाई वाचवनार. पन हिला मारायचं तरी थांबवू."

साबीरने पानावरची धूळ बोटाने पुसली. "रस्त्याकडंच्या झाडांच्या दोन वळी वाळून गेल्यात, त्या काढतो," तो शेवटी म्हणाला. "बाकीच्या झाडांवर औषध मारत न्हाई. पन पानावरची धूळ रोज धुवायची. त्ये काम तुझं."

हुस्नाने आम्हा उरलेल्यांसह एरंडाची पानं पपईच्या देठांत अडकवली. लाल कोळ्यांचा वास येताच मी धावले. त्यांची जाळी पायांत अडकायची, मी फाडून पुढे जायची. सकाळी पाण्याचा मारा झाला की पानाची शीर घट्ट धरून बसायची. खायचं, अंडी घालायची, पुढच्या पानावर जायचं. मी थांबले नाही. माझ्या मुली मोठ्या झाल्या, मग त्यांच्या मुली.

काल भिंग साबीरच्या हातात होतं. "हुस्ना, शेंड्याची पानं हिरवीगार हायेत!" तो ओरडला. "आन खाली ह्या फिकट पोरी लई हायेत गं!"

आता माझे पाय जड झालेत. शिकार मुलींवर सोपवली आहे. मित्रांनो, औषधाचा पंप पाठीवर घेण्याआधी पानाखाली एकदा नक्की बघा. तुमची बाग वाचवायला कुणीतरी आधीच कामाला लागलेलं असेल.