पोटरीशी अडलेला मोजा

मी एक जुना, डाव्या पायाचा मोजा आहे. साधासुधा नव्हे हं, मित्रांनो! मी दाब देणारा मोजा. घोट्याशी घट्ट आणि वर जावं तसा थोडा सैल, असं मला मुद्दाम विणलं. पायात रक्त साचू नये, म्हणून त्याला वर जायला हातभार लावायचा, हे माझं काम.

मी आणि माझा जुळा भाऊ एका बेकरीवाल्या काकूंकडे आलो. दहा पायऱ्या चढल्या की काकूंना धाप लागे. म्हणून त्यांनी वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. त्यांचे यजमान शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणत. रोज सकाळी आम्हाला चढवताना मास्तर घामाघूम होत. "अगं, यापेक्षा गादीला खोळ घालणं सोपं!" म्हणत. काकू पोट धरून हसत, कारण हसलं की टाके दुखत. डावा-उजवा कळावा म्हणून मास्तरांनी माझ्या काठाला निळा टाका घातला. तेवढ्यानेच मी किती मिरवलो!

शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी परदेशातल्या लेकीचा फोन आला. "आई, बाळ लवकर येईल म्हणतात. मला भीती वाटतेय गं."

झालं! काकूंनी तीन दिवसांनंतरचं तिकीट काढलं. खरं तर डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "निदान चार ते सहा आठवडे विमान नको. तेही मी तपासून हो म्हटल्यावरच. वरचे टाके सुकले तरी आतली शिवण ओली असते. शिवाय तासन्‌तास बसून पायात रक्ताची गुठळी झाली आणि छातीत गेली, तर जिवावर बेतेल." पण आईचं काळीज! काकूंनी मास्तरांना बेधडक सांगितलं, "विचारलंय मी. जा म्हणाल्या."

निघायच्या सकाळी माझा भाऊ कसाबसा चढला. मी मात्र पोटरीशी अडलो. मास्तरांनी ओढलं, काकू कळवळल्या. पोटरी गरम होती, मला जाणवत होतं, पण मोज्याला कुठे तोंड असतं?

"मोजाच आटलाय मेला," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. "आटला असता तर दोन्ही आटले असते. डावा पाय दीड इंच जास्त भरतोय. खरं सांग, डॉक्टरांना विचारलं होतंस?"

काकूंनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. मास्तर रागावले नाहीत. दाराशी उभ्या टॅक्सीला त्यांनी विमानतळाऐवजी दवाखान्याचा पत्ता सांगितला.

पायात गुठळी झाली होती. वेळेत कळली, इंजेक्शनं, गोळ्या सुरू झाल्या. चार दिवसांनी नात झाली. काकूंनी तिला फोनच्या पडद्यावर पाहिलं आणि उशीत तोंड खुपसून रडल्या. त्या दिवशी मी खुर्चीच्या पाठीवर लोंबकळत होतो. आपण अडलो नसतो तर त्या आज लेकीजवळ असत्या, असा विचार मनात आला आणि स्वतःचीच लाज वाटली.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी तपासून हो म्हटलं. विमानात काकूंनी कडेची जागा घेतली. दर तासाला त्या उठून चालत, घोट घोट पाणी पीत. मास्तर मागून हळूच "सावकाश, सावकाश" म्हणत.

लेकीने दार उघडलं. काकू म्हणाल्या, "उशीर झाला गं मला."

"आई, आलीस ना!" म्हणून लेकीने मिठी मारली. दोघींच्या मध्ये चेपलेल्या बाळाने भोकाड पसरलं.

मित्रांनो, आता माझा ताण गेलाय, मी सैल पडलोय. काकूंनी नवे मोजे आणले, पण मला टाकवत नाही म्हणून कपाटात ठेवलंय. माझी एक विनंती आहे. सैल झालेला मोजा मायेपोटी कुणाला घालू नका. आणि घरातलं कुणी आजारातून उठून घाईने निघालं, तर त्याच्या पायांकडे एकदा नीट बघा, आणि विचारा, "डॉक्टर हो म्हणाले ना? खरं सांग."